दोन वाजून सोळा मिनिटे

अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण त्याचे काम उमेदवारांच्या पैशांचा हिशेब पाहण्याचे. मते मोजते काउंटी, निकालावर शिक्का मारते राज्य, आणि या सगळ्याला काही आठवडे लागतात. तेवढे थांबायची कुणाची तयारी नसते, म्हणून ‘अध्यक्ष कोण झाला’ हे त्याच रात्री सांगण्याचे काम टीव्हीने स्वतःकडे घेतले. हे काम टीव्हीला कोणत्याही कायद्याने दिलेले नाही. वाहिनीने एखादे राज्य एखाद्या उमेदवाराला ‘दिले’, तर कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत पारावरच्या गप्पांइतकीच. पण ७ नोव्हेंबर २००० च्या रात्री अमेरिकेचे उपाध्यक्ष आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल गोर यांनी याच घोषणेवर विश्वास ठेवून पराभव मान्य केला, आणि तासाभराने तो परत घेतला.

खालच्या वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आहेत. आपले घड्याळ तेव्हा साडेदहा तास पुढे होते.

मंगळवार, दुपार

मतदान चालूच होते आणि वाहिन्यांच्या निर्णयकक्षांत एक्झिट पोलचे पहिले आकडे पोचले होते. प्रेक्षकांना ते सांगायचे नसत, पण निवेदकांना आणि दोन्ही पक्षांच्या प्रचारप्रमुखांना ते तेव्हा दुपारीच कळत. संध्याकाळी कोण हसऱ्या चेहऱ्याने पडद्यावर येणार, हे दुपारीच ठरलेले असे.

हे आकडे येत होते व्होटर न्यूज सर्व्हिस, म्हणजे व्हीएनएसकडून. एबीसी, सीबीएस, एनबीसी, सीएनएन, फॉक्स आणि असोसिएटेड प्रेस अशा सहा जणांनी मिळून चालवलेली ही संस्था. एके काळी मोठ्या वाहिन्यांचे एक्झिट पोल वेगवेगळे असत. त्यातला आद्य माणूस वॉरन मिटॉफ्स्की. १९६७ साली केंटकीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्याने सीबीएससाठी मतदान करून बाहेर पडणाऱ्या लोकांना प्रश्न विचारण्याची पद्धत रुजवली. पुढे खर्च परवडेना. १९९० मध्ये वाहिन्यांनी एक्झिट पोल एकत्र केले, आणि १९९३ मध्ये मते गोळा करण्याची यंत्रणाही त्यात मिसळून व्हीएनएस उभी राहिली. पैसे वाचले. प्रेक्षकाला मात्र पडद्यावर पाच वेगळे स्टुडिओ, पाच वेगळे निवेदक आणि पाच वेगळे नकाशे दिसत राहिले. पोहरे पाच, विहीर एकच.

फ्लोरिडात या विहिरीचे झरे होते ४५ मतदान केंद्रे. साठ लाखांच्या आसपास मतदान होणाऱ्या राज्यातल्या एवढ्याच केंद्रांबाहेर व्हीएनएसची माणसे उभी होती.

त्याच दिवशी पाम बीच काउंटीत वेगळेच काहीतरी घडत होते. तिथली मतपत्रिका दोन पानांत उघडणारी होती. उमेदवारांची नावे दोन्ही बाजूंना, आणि भोके पाडायची मधल्या एकाच रांगेत. अल गोर यांना मत द्यायला आलेली वयस्क माणसे बाहेर येऊन घाबऱ्याघुबऱ्या विचारत होती, की आपण चुकून पॅट ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराला तर मत दिले नाही ना? एक्झिट पोलवाल्याने विचारले, तर हीच माणसे ‘गोर’ असे उत्तर देणार. पत्रिकेवर भोक कुठे पडले ते त्या उत्तरातून कळण्याची सोय नव्हती. त्या रात्रीची खरी बातमी ही होती. पण बातमीदारीचे सगळे बळ स्टुडिओत एकवटलेले, आणि स्टुडिओतल्या नकाशाला रंग दोनच: लाल आणि निळा.

संध्याकाळी ७

फ्लोरिडातली बहुतेक केंद्रे बंद झाली. बहुतेक, सगळी नव्हे. राज्याचा पश्चिमेकडचा चिंचोळा पट्टा दुसऱ्या कालविभागात येतो, तिथे अजून तासभर मतदान चालणार होते. १९८० मध्ये एनबीसीने पश्चिम किनाऱ्यावर मतदान चालू असतानाच रेगन यांना विजयी ठरवले होते. त्यावर आरडाओरडा झाला आणि पुढे वाहिन्यांनी काँग्रेसला शब्द दिला: एखाद्या राज्यातले मतदान संपेपर्यंत त्या राज्याचा कौल सांगणार नाही. संपेपर्यंत म्हणजे बहुतेक केंद्रे बंद होईपर्यंत, असा सोयीचा अर्थ त्यांनी आपणच काढून ठेवला.

एनबीसीवर टिम रसर्ट हातात पांढरा फळा घेऊन बसले होते. जिंकायला २७० इलेक्टोरल मते लागतात, त्यांपैकी २५ तेव्हा फ्लोरिडाची होती. त्यांनी फळ्यावर फ्लोरिडा, फ्लोरिडा, फ्लोरिडा असे तीनदा लिहिले. त्या रात्री टीव्हीवर जे काही सांगितले गेले, त्यात टिकाऊ एवढेच निघाले.

७ वाजून ४९ मिनिटे

एनबीसीने फ्लोरिडा गोर यांना दिला. पुढच्या मिनिटाला सीबीएस आणि सीएनएन. मग फॉक्स, खुद्द व्हीएनएस, एपी आणि आठ वाजून गेल्यावर एबीसी. पंधरा मिनिटांच्या आत सगळे.

प्रेक्षकाने यातून काय समजायचे? सहा जाणत्या संस्था स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आल्या, म्हणजे तो पक्काच असणार. प्रत्यक्षात सहा जणांपुढे एकच तक्ता होता. त्यात गोर यांचा कल फुगलेला होता आणि टपाली मते कमी धरलेली होती. एकूण मतदानात या मतांचा वाटा सुमारे ७ टक्के असेल असा अंदाज होता, तो निघाला १२ टक्क्यांच्या आसपास. टपालाने मत देणाऱ्यांत रिपब्लिकन जास्त. केंद्राबाहेर उभे राहणाऱ्याला हा मतदार भेटतच नाही.

भारतात तेव्हा बुधवारची पहाट उलटून सहा वीस झाले होते. दारात पडलेल्या मराठी वर्तमानपत्रात निकालाची ओळही नव्हती, कारण तो अंक छापला गेला तेव्हा तिकडे मोजणी सुरू व्हायची होती. टीव्ही लावणाऱ्यांना मात्र गोर पुढे गेलेले दिसले.

९ ते १०

मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियाही गोर यांच्या खात्यात. तीन मोठी राज्ये गेली म्हटल्यावर अनेक स्टुडिओंत सूर बदलला. ऑस्टिनला गव्हर्नरच्या निवासस्थानी रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश यांनी कॅमेरे आत बोलावले. शेजारी आई-वडील. फ्लोरिडाचे गव्हर्नर असलेले धाकटे बंधू जेब त्या रात्री ऑस्टिनलाच होते. आमची माणसे प्रत्यक्ष मते मोजत आहेत आणि त्यांना काही वेगळेच दिसते आहे, असा बुश यांच्या बोलण्याचा रोख होता. पाहणाऱ्याला वाटावे, हरणाऱ्याची समजूत. पण त्या घडीला टीव्हीपेक्षा त्यांचेच बरोबर होते.

साडेनऊनंतर व्हीएनएसच्या पडद्यावर डुव्हाल काउंटीचा आकडा खटकला. गोर यांच्या मतांची नोंद करताना एक अंक जादा पडला होता. चार हजारांच्या जागी त्रेचाळीस हजार. एवढ्यानेच फ्लोरिडा चुकला असे नव्हे, कारण राज्य देऊन झाले होते. पण या नोंदीमुळे माणसे उरलेले आकडे नीट पाहू लागली. दहाला काही मिनिटे असताना सीएनएनने फ्लोरिडा काढून घेतला, पाठोपाठ सीबीएसने आणि मग इतरांनी. नकाशावर निळा झालेला फ्लोरिडा पुन्हा रंगहीन झाला.

एका रात्रीत एवढी चूक पुरेशी होती. आता हे लोक शहाणे होतील, असे कुणालाही वाटले असते.

१० ते १

बाकीची राज्ये पडत गेली. गोर आपले स्वतःचे राज्य टेनेसी हरले. ते जिंकले असते तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती, पण त्या रात्री टेनेसीकडे पाहायला कुणाला सवड होती! मध्यरात्रीपर्यंत गणित साफ झाले. फ्लोरिडा ज्याचा, व्हाइट हाउस त्याचे.

१ ते २:१०

मुख्य घटना टीव्हीपासून दूर, व्होलुशिया काउंटीत घडून गेली होती. डीलँड गावातले २१६ क्रमांकाचे केंद्र, नोंदलेले मतदार सहाशेच्या आतबाहेर. तिथल्या मतमोजणी यंत्राच्या मेमरी कार्डातून मुख्य संगणकात आकडे चढले तेव्हा गोर यांच्या नावापुढे १६,०२२ पडले. उणे सोळा हजार बावीस. त्यांना मिळालेली मते वाढायच्या ऐवजी कमी झाली. शिवाय सोशालिस्ट वर्कर्स पार्टीचे जेम्स हॅरिस यांना, ज्यांना सबंध फ्लोरिडात सहाशेही मते मिळाली नाहीत, या एका काउंटीत जवळपास दहा हजार दिसू लागली. स्थानिक लोकांच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी दुरुस्तीही सुरू केली. पण दोन वाजून आठ-नऊ मिनिटांनी व्हीएनएसच्या तक्त्यात जो व्होलुशिया चढला, तो चुकलेलाच होता.

बुश यांची आघाडी एकदम पन्नास हजारांच्या वर गेली. ९७ टक्के केंद्रांची मोजणी संपलेली. व्हीएनएसच्या अंदाजाने सुमारे १ लाख ८० हजार मते मोजायची बाकी होती. प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि त्यांतली बरीच पाम बीचसारख्या गोर यांच्या बालेकिल्ल्यांत.

उणे सोळा हजार मते पडूच कशी शकतात, हा प्रश्न विचारायला संख्याशास्त्र लागत नाही. पण निर्णयकक्षांतल्या लोकांच्या समोर व्होलुशिया नव्हतेच, होती फक्त बेरीज.

२ वाजून १६ मिनिटे

फॉक्सने फ्लोरिडा बुश यांना दिला आणि त्याबरोबर अध्यक्षपदही. एनबीसी लगेच मागे. दोन सतराला सीएनएन आणि सीबीएस, दोन वीसला एबीसी. चार मिनिटांत पाच वाहिन्या. स्टुडिओत बुश यांचे चित्र आणि खाली ४३ वे अध्यक्ष अशी अक्षरे. ऑस्टिनला पावसात उभ्या असलेल्या गर्दीने जल्लोष केला.

फॉक्सच्या निर्णयकक्षाचा प्रमुख होता जॉन एलिस. तो बुश बंधूंचा सख्खा आतेभाऊ, आणि त्या रात्री दोघा भावांशी त्याचे फोन चालले होते. ही गोष्ट इतकी नाट्यमय आहे की पुढची पंचवीस वर्षे लोक तीच सांगत आले. मुळात उमेदवाराच्या नातलगाला त्या खुर्चीत बसवणे हे बेशरमपणाचेच. पण सगळे खापर त्याच्या माथी फोडले की उरलेल्या चार वाहिन्या अलगद सुटतात. सीबीएस आणि सीएनएन यांचा निर्णयकक्ष सामाईक होता, तिथे मिटॉफ्स्कीसारखा या विद्येचा जनक बसला होता. त्याला बुश घराण्याचे काही देणे नव्हते. त्याच्यापुढेही तेच पन्नास हजार होते आणि त्यानेही तेच केले.

दोघे मात्र थांबले. एपीने तो कौल दिला नाही, व्हीएनएसनेही दिला नाही. एपी व्हीएनएसमध्ये भागीदार असली तरी काउंटी काउंटीतून मते गोळा करणारी तिची स्वतःची माणसे होती, आणि ती पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. दोन सोळाच्याच सुमारास एपीच्या तक्त्यात दुरुस्त व्होलुशिया चढला आणि बुश यांची आघाडी सतरा हजारांनी खाली आली. पाच स्टुडिओंत नव्या अध्यक्षाचे स्वागत चालू असताना एपी आपल्या ग्राहक वृत्तपत्रांना सूचना पाठवत होती: आघाडी घटते आहे, थांबा. पाचही वाहिन्या एपीच्या ग्राहक होत्या. तार त्यांच्याही कार्यालयात येत होती. ती वाचायची कुणी, हा प्रश्न.

घाई कशाची होती? कुणाचे काय अडले होते? शपथविधी २० जानेवारीला. दोन सोळाऐवजी पहाटे सहाला कळले असते तर लोकशाहीचे काडीचे नुकसान नव्हते. नुकसान होते ते दुसरी वाहिनी तीन मिनिटे आधी बोलून गेली याचे; आणि ते नुकसान उद्योगाबाहेरच्या कुणालाही मोजता येत नाही.

अडीच

नॅशव्हिलला हॉटेलात गोर यांनी टीव्ही पाहिला आणि बुश यांना फोन करून अभिनंदन केले. त्यांच्या मोहिमेतल्या कुणी फ्लोरिडाच्या राजधानीत, टॅलाहासीला फोन लावून, राज्याच्या संकेतस्थळावर काय आकडे आहेत ते पाहून, मग पराभव मान्य केला असता, तर? नाही केला. पंचवीस वर्षे राजकारणात मुरलेल्या माणसाने पडद्यावरच्या अक्षरांना निकाल मानले. टीव्हीची चूक किती खोल गेली होती, हे मला इथे दिसते. प्रेक्षक फसला तर समजू शकते, इथे उमेदवारच फसला.

गाड्यांचा ताफा वॉर मेमोरियल प्लाझाकडे निघाला. तिथे पावसात भिजत कार्यकर्ते उभे होते.

२:४८ ते ३:४०

व्हीएनएसच्या तक्त्यात आघाडी चाळीस हजारांच्या खाली आली. व्होलुशिया दुरुस्त झाला, पाम बीचची मते चढली. तीन चाळीसपर्यंत आघाडी सहा हजारांवर येऊन ठेपली.

गोर यांच्या मोहिमेच्या आकडेकक्षात मायकेल व्हूली हे संघटक फ्लोरिडा राज्य कार्यालयाचे आकडे पाहत होते. त्यांनी ताफ्यातल्या मायकेल फेल्डमन या सहकाऱ्याला पेजरवर गाठले. ताफा प्लाझापाशी पोचत आला होता. प्रचारप्रमुख विल्यम डेली यांच्यापर्यंत निरोप गेला, आणि भाषणाचा कागद घेऊन मंचाकडे निघालेल्या गोर यांना आतच अडवण्यात आले. दोन-चार मिनिटे उशीर झाला असता तर साऱ्या जगासमोर पराभव मान्य करणारे भाषण झाले असते. मग फेरमोजणी मागायला कुठल्या तोंडाने गेले असते?

बाहेरच्या कॅमेऱ्यांना फक्त रिकामा मंच दिसत होता. निवेदक वेळ भरून काढत होते. गोर येत का नाहीत, यावर तर्क चालले होते, आणि उत्तर त्यांच्याच पडद्याच्या कोपऱ्यात दर मिनिटाला घटत होते.

पावणेचारच्या आतबाहेर

दुसरा फोन. परिस्थिती बदलली आहे, मी पराभव मागे घेतो आहे, असे गोर यांनी सांगितले. बुश यांचा विश्वास बसेना. भावाने आपल्याला फ्लोरिडा जिंकल्याचे सांगितले आहे, असे ते म्हणाले. त्यावर तुमचा धाकटा भाऊ म्हणजे अंतिम अधिकारी नव्हे, असे गोर यांनी ऐकवले. संभाषण कडवट झाले आणि संपले. आकडे पाहता गोर यांचे म्हणणे रास्त होते. फक्त त्या रात्री तोच नियम वाहिन्यांनाही लागू आहे, हे त्यांना तासभर उशिरा सुचले.

चारच्या सुमारास वाहिन्यांनी फ्लोरिडा दुसऱ्यांदा काढून घेतला. आधी सीएनएन; चार वाजून दहा मिनिटांनी सीबीएस. आघाडी तोपर्यंत दोन हजारांच्या खाली. डेली मंचावर आले आणि मोहीम चालू असल्याचे सांगून गेले.

बुधवार, सकाळ

छापखान्यांनी टीव्हीवर विसंबून पाने सोडली होती. न्यूयॉर्क पोस्ट आणि मायामी हेराल्ड यांच्या अंकांत बुश जिंकल्याचे मोठ्या अक्षरांत छापून आले. न्यूयॉर्क टाइम्सने यंत्रे थांबवली, तोवर लाखाहून अधिक प्रती बुश यांच्या बाजूचा मथळा घेऊन निघाल्या होत्या. १९४८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने ट्रुमन यांना असेच हरवले होते. आपल्याकडच्या संपादकांचे नशीब घड्याळाने राखले: तिकडचे दोन सोळा म्हणजे इकडची पाऊण वाजतानाची दुपार, आणि ९ तारखेचा अंक लावायला अख्खी संध्याकाळ हातात.

पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे. एवढ्या कमी फरकावर फ्लोरिडाच्या कायद्याने यंत्रावर फेरमोजणी आपोआप होते. त्यानंतर ३६ दिवस वाद चालला, तो १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी थांबवला. शेवटचा फरक ५३७. पाम बीचमध्ये ब्युकॅनन यांना ३,४०७ मते पडली होती, आणि एकोणीस हजारांवर मतपत्रिका दोन-दोन भोके पडल्यामुळे बाद झाल्या होत्या.

त्या ३६ दिवसांत दोघे बरोबरीने उभे असल्याचे चित्र लोकांपुढे कधी उभेच राहिले नाही. एक जण जिंकलेला, दुसरा रडीचा डाव खेळणारा, अशी मांडणी झाली. याला कारण एकही मोजलेले मत नव्हते, दोन सोळाची घोषणा होती. ती मागे घेतली तरी पुसली गेली नाही.

१४ फेब्रुवारी २००१ ला वाहिन्यांच्या प्रमुखांना प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे बोलावले गेले. जाणूनबुजून पक्षपात केल्याचा पुरावा निघाला नाही. सगळ्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि व्हीएनएसची यंत्रणा नवी करायचे ठरले. २००२ च्या निवडणुकीच्या दिवशी ही नवी यंत्रणाच बसली, एक्झिट पोलचे आकडे देताच आले नाहीत. जानेवारी २००३ मध्ये व्हीएनएस बंद केली. मग त्याच पाच वाहिन्या आणि एपी पुन्हा एकत्र आल्या, नॅशनल इलेक्शन पूल असे नाव घेतले, आणि कंत्राट जोडीने दिले एडिसन मीडिया रिसर्चला आणि मिटॉफ्स्कीच्या कंपनीला. २ नोव्हेंबर २००४ च्या दुपारी या नव्या व्यवस्थेचे पहिले आकडे फुटले. त्यांत बुश यांच्याविरुद्ध उभे असलेले जॉन केरी पुढे होते.